पळता न येणाऱ्या रोपाची युक्ती

पोरहो, जवळ या, आज सोयाबीनची गोष्ट सांगतो. पावसाळ्यात रिसोडपासून कारंज्यापर्यंत आपल्या वाशिम जिल्ह्यात जिकडं पाहावं तिकडं हेच पीक. पेरणी होते, कोवळं रोप वर येतं आणि पाऊस दडी मारतो. काळं वावर तापतं. गुरं बाभळीखाली जातात, माणूस घर गाठतो. रोपानं कुठं जावं?

ते जागेवरच उपाय करतं. पेशीभोवतीचं पातळ, स्निग्ध आवरण तापलं की सैलावतं आणि कॅल्शियम आत शिरतं. ही पहिली खबर. आत असंख्य प्रथिनं कामाला असतात. प्रत्येकाची घडी ठरलेली. उष्णतेनं घडी उलगडली की काम थांबतं, आणि उलगडलेली प्रथिनं एकमेकांत गुंतून निकामी होतात.

पण पेशीतही जागले असतात, वावर राखणाऱ्या जागल्यांसारखे. तीही प्रथिनंच. एरवी ते एका निरोप्या प्रथिनाला अडवून ठेवतात. घड्या उलगडू लागल्या की जागले त्या सावरायला धावतात, तेवढ्यात निरोप्या सुटतो. तो केंद्रकात शिरून जनुकांना सांगतो, ‘आणखी जागले घडवा!’ ऊन उतरलं की मोकळे झालेले जागले निरोप्याला पुन्हा धरतात.

याचा पहिला धागा 1962 साली इटलीच्या फेरुच्चो रितोसा यांना फळमाशीत सापडला. माश्यांच्या पेटीचं तापमान वाढलं होतं, आणि त्यांच्या गुणसूत्रांवर नवे फुगवटे दिसले, म्हणजे तिथली जनुकं कामाला लागली होती. पुढं 1980च्या दशकात अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठात जो की या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच सोयाबीनच्या रोपांत तपासलं. 28 अंशांवरून एकदम 45 अंशांत दोन तास ठेवलेली रोपं मेली. पण आधी दोन तास 40 अंशांत ठेवलेली रोपं तेच 45 अंश सोसून जगली. थोडी झळ बसली होती, तेवढ्यात जागले तयार झाले होते!

मात्र ही ताकद सगळीकडं सारखी नसते. फुलातले परागकण फार नाजूक. आपला हरभरा उशिरा पेरला, तर फुलं ऐन वाढत्या उन्हात सापडतात. पारा 35 अंशांपुढं गेला की पराग कमजोर होतात आणि घाटे कमी धरतात. रोप आपल्या परीनं झुंजतंच, पोरहो. हरभऱ्याची फुलं थंडीत येतील अशी वेळ साधून पेरणं, हे मात्र आपलं काम.