घसरत्या मोटारी आणि त्यांचे टायर



माझ्या परिचयाचे एक गृहस्थ मध्यंतरीं मोठ्या विवंचनेंत माझ्याकडे आले. त्यांचे चिरंजीव शिक्षणासाठीं मेलबर्नला असतात. तेथें त्यांनीं एक जुनी, इंजिनचा जोर मागल्या चाकांना मिळणारी मोटार घेतली असून 'ड्रिफ्टिंग' नांवाचा खेळ शिकण्याचा त्यांचा मानस आहे. घरीं पाठविलेल्या मजकुराच्या शेवटीं त्यांनीं लिहिलें होतें, कीं मोटार घसरवायचीच आहे, तेव्हां चारहि टायर कोणीं टाकून दिलेले, गुळगुळीत झालेले घेतले तरी चालतील. तेवढेच पैसे वांचतील. हें बरोबर आहे काय, असा त्या गृहस्थांचा प्रश्न. त्यांना मुळांत खेळच पसंत नव्हता हें दिसत होतें. पण त्यांनीं विचारिलें तें टायरविषयीं, आणि त्याचें उत्तर देतां देतां साऱ्या खेळाचें मर्म सांगावें लागलें. तेंच आज आपणांपुढें मांडतों.

मोटार कितीहि जड असो, तिचा जमिनीशीं संबंध केवळ चार ठिकाणीं येतो, आणि प्रत्येक ठिकाण सुमारें तळहाताएवढें असतें. वेग घेणें, थांबणें, वळणें हीं सर्व कामें या चार तळहातांनीं करावयाचीं. रबर रस्त्याच्या बारीक खडबडींत दबून शिरतें व त्याला चिकटतें. त्यांतून जी पकड उत्पन्न होते तिला मर्यादा आहे. ही पकड म्हणजे नोकरदाराचा पगार समजा. घरभाड्याला अधिक गेलें, कीं वाण्याला कमी उरतें. चाकानें आपली सारी पकड गाडी पुढें ढकलण्यांत खर्च केली, तर तिला बाजूला सरकण्यापासून रोखण्यास त्याच्यापाशीं कांहींच शिल्लक राहत नाहीं. ड्रिफ्टिंग करणारा नेमकें हेंच मुद्दाम घडवून आणतो. वळणावर तो मागलीं चाकें इंजिनच्या जोरानें इतकीं फिरवितो, कीं तीं बाहेरच्या बाजूला घसरूं लागतात. गाडीचें तोंड वळणाच्या आंत आणि शेपूट बाहेर, अशी तिरपी ती धांवते. त्याच क्षणीं तो स्टिअरिंग उलट दिशेला फिरवितो. त्यामुळें गाडी प्रत्यक्ष ज्या दिशेनें जात आहे, तिकडेच पुढलीं चाकें रोंखलेलीं राहतात. मागलीं दोन घसरत आहेत, परंतु पुढलीं दोन घट्ट धरून आहेत, असा हा प्रकार आहे. पुढल्यांनींहि पकड सोडली, तर गाडी कोणाचें न ऐकतां सरळ कुंपणावर जाते.

घसरत वळणें घेणें हें अगदीं नवें नाहीं. १९३० नंतरच्या दशकांत इटलीचे विख्यात शर्यतपटु ताझिओ नुव्होलारी चारहि चाकें किंचित् घसरवीत वळणें घेत, आणि त्या काळीं वेगाचा तोच मार्ग होता. त्या वेळच्या टायरांतील धाग्यांचे थर एकमेकांवर तिरपे घातलेले असत. असा टायर हळूहळू, पूर्वसूचना देत घसरे. फ्रान्समधील मिशेलिन कंपनीनें १९४६ सालीं रेडियल टायरचें पेटंट घेतलें. त्यांतील धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात. या टायरची पकड चाक थोडेंसें, सामान्यतः दहा अंशांच्या आंत, तिरपें असतां सर्वांत अधिक असते. त्यापुढें ती घटते. म्हणून आज डांबरी रस्त्यावरील शर्यत जिंकणारा शक्य तितकें कमी घसरतो. वेगाच्या दृष्टीनें घसरणें निरुपयोगी ठरलें, आणि माझ्या मतें त्यामुळेंच तें निव्वळ कौशल्य म्हणून निराळें होऊं शकलें.

हें निराळेपण जपानमध्यें आलें. कुनिमित्सु ताकाहाशी हे मूळचे मोटरसायकलपटु. १९६१ सालीं जर्मनींत हॉकेनहाइम येथें मोटरसायकलची ग्रां प्री जिंकून असा विजय मिळविणारे ते पहिले जपानी ठरले. पुढें मोटारींच्या शर्यतींत वळणाचा मध्य येण्यापूर्वींच गाडी तिरपी करून बाहेर पडण्याची त्यांची तऱ्हा लोकांच्या डोळ्यांत भरली. तिच्यानें भारलेल्या केइची त्सुचिया यांनीं घाटांतील रस्त्यांवर ती घोटली, आणि १९८७ सालीं त्यांच्या हांकण्याची एक चित्रफीत निघाली. घाटांत रात्रीं जमणाऱ्या तरुणांना मग वेडच लागलें. समोरून येणाऱ्या निरपराध माणसाचा विचार त्या वेडांत नव्हता, हें सांगितलेंच पाहिजे. त्सुचिया व संपादक दाइजिरो इनादा यांच्या पुढाकारानें या खेळाच्या स्पर्धा बंदिस्त मैदानावर होऊं लागल्या. डी-वन ग्रां प्री ही त्यांतली प्रमुख. अमेरिकेंत फॉर्म्युला ड्रिफ्टची मालिका २००४ पासून चालू आहे. फुकुशिमा प्रांतांतील एबिसु मैदान तर या खेळाचें माहेरघर मानतात. अशा स्पर्धांत घड्याळाला महत्त्व नसतें. गाडी आंखून दिलेल्या मार्गावर राहिली कीं नाहीं, ती किती तिरपी झाली, आणि दोन गाड्या जोडीनें सोडल्यावर मागलीनें पुढलीची सांवलीसारखी पाठ धरली कीं नाहीं, हें परीक्षक पाहतात.

आतां टायर. पुढल्या चाकांना नवे, मऊ रबराचे, उत्तम पकडीचे टायर घ्यावे. येथें काटकसर करूं नये. आणि करण्याचें कारणहि नाहीं, कारण ते मागल्यांच्या मानानें फारच कमी झिजतात. मागल्यांचें गणित इंजिनवर अवलंबून आहे. शिकाऊ माणसाच्या मंद इंजिनला चिकट टायर दिले, तर तें त्यांना फिरवीत ठेवूं शकत नाहीं. ते मध्येंच पकड घेतात आणि गाडी विरुद्ध बाजूला हिसका देते. त्यानें मागें कठीण रबराचे साधे टायर लावावे. स्पर्धेंतील अतिबलवान् गाड्यांना मात्र मागेंहि चिकट टायर लागतात, कारण दुसऱ्याचा पाठलाग करतांना पुढें झेपावण्याचा जोर त्यांतूनच येतो. असे दोन टायर कांहीं फेऱ्यांतच संपतात.

पुष्कळ टायरांच्या बाजूवर झिजेचा एक आंकडा असतो. तो अमेरिकन नियमाप्रमाणें काढलेला असून २०० चा टायर १०० च्या प्रमाणभूत टायरच्या दुप्पट टिकावा असा त्याचा अर्थ आहे. लहान आंकडा म्हणजे बहुधा मऊ रबर. परंतु ही परीक्षा प्रत्येक कारखाना आपली आपण करतो, तेव्हां दोन कारखान्यांचे आंकडे शेजारीं मांडून निर्णय करूं नये. हवेचा दाब वाढविला, कीं टेकलेला भाग लहान होतो व चाक लौकर सुटतें. म्हणून मंद इंजिनवाले मागें दाब थोडा चढा ठेवतात आणि बलवान् इंजिनवाले उतरता. टायर तापल्यावर दाब आपोआपहि चढतो, हें लक्षांत ठेवून तो फेऱ्यांच्या मध्यें पुनः मोजावा लागतो.

चिरंजीवांच्या गुळगुळीत टायरांची गोष्ट मात्र सविस्तर पाहिली पाहिजे. गुळगुळीत टायर घसरतो ही समजूत अर्धीच खरी आहे. टायरवर खांचा असतात त्या पाणी बाहेर काढण्यासाठीं. कोरड्या जमिनीवर खांचा नसलेला टायर अधिक रबर टेकवितो. कोरड्या शर्यतींचे टायर मुद्दामच साफ गुळगुळीत करतात. पावसाची सर आली, कीं तोच टायर पाण्याच्या पापुद्र्यावर तरंगूं लागतो, आणि अशा वेळीं पुढलीं चाकें गेलीं कीं सर्वच गेलें. जुना टायर कोरड्यांतहि घसरतो तो वयामुळें. वर्षें लोटलीं, कीं रबर कडक होतें आणि त्याला भेगा पडतात. टायरच्या बाजूवर चार आंकडे छापलेले असतात. ते २३१९ असे असतील, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला असें समजावें. झिजून पातळ झालेल्या रबराखालीं पोलादी तारांचे पदर असतात. घसरण्याची उष्णता तेथवर पोंचली, कीं पदर सुटतात व टायर फुटतो.

टायर फुटण्याचाच ज्यांत जल्लोष होतो, असा या खेळाचा एक दंगेखोर भाऊ आहे. त्याला 'बर्नआउट' म्हणतात. सरळ पट्टीवरील ड्रॅग शर्यतींत सुटण्यापूर्वीं मागलीं चाकें जागच्या जागीं फिरवून रबर तापवितात, कारण तापलेलें रबर अधिक चिकटतें. त्या वेळीं केवळ पुढले ब्रेक धरून ठेवणारी एक कळ वापरतात. ऑस्ट्रेलियानें या पूर्वतयारीचाच स्वतंत्र खेळ केला. कॅनबेरा येथें १९८७ पासून भरणाऱ्या समरनॅट्स उत्सवांत, भिंतींनीं वेढलेल्या चौकांत, गाड्या पांढऱ्या धुराच्या ढगांत गरगर फिरतात. तापलेल्या रबरांतून सुटलेलीं तेलें हवेंत निवून त्यांचे सूक्ष्म थेंब होतात. त्या धुराचा मोठा भाग हाच. तो छातींत घेण्याजोगा नव्हे. २०२० सालीं अमेरिकन संशोधकांना आढळलें, कीं टायरला भेगा पडूं नयेत म्हणून घातलेलें एक द्रव्य ओझोनच्या संयोगानें विषारी बनतें, आणि तें पावसाबरोबर ओढ्यांत उतरल्यानें कोहो जातीचे सामन मासे मरतात. अर्थात् तें आपल्या साध्या मोटारींच्या टायरांतूनहि झडतच असतें, त्यामुळें दोष एकट्या खेळवाल्यांच्या माथीं मारतां येणार नाहीं.

आणखी एक गोष्ट मीं त्या गृहस्थांना सांगितली. चिरंजीव राहतात त्या व्हिक्टोरिया राज्यांत सार्वजनिक रस्त्यावर मुद्दाम चाकें घसरविणें हा गुन्हा आहे. २००६ सालीं अंमलांत आलेल्या कायद्यानें अशी मोटार ४८ तास अडकवून ठेवण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला, आणि पुढें ती मुदत ३० दिवसांवर नेण्यांत आली. शिकावयाचें तर मोटार-क्लबच्या मैदानावर, डोक्याला शिरस्त्राण घालून, आणि जाणत्याला शेजारीं बसवून.

गृहस्थांनीं खिशांतून कागद काढून सगळें उतरून घेतलें. पुढले दोन नवे. मागले दोन कठीण, पण धड आणि फार जुने नसलेले. मग चष्मा वर करून म्हणाले, "म्हणजे वांचायचें कांहींच नाहीं."

"नाहीं," मी म्हणालों.

ते थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिले. "ठीक आहे. पुढल्या दोहोंचे पैसे मी पाठवितों. मागल्यांचें त्याचें त्यानें पाहावें."