इंजिन सुधारले, मग बचत कुठे गेली?

फोर्ड कंपनीची मॉडेल टी ही मोटार 1908 ते 1927 या काळात तयार होत होती. अशा दीड कोटी गाड्या बनल्या. याच कंपनीचा एफ-150 हा आजचा पिकअप ट्रक, म्हणजे मागे उघडा हौदा असलेले वाहन. अमेरिकेत सामानाप्रमाणेच रोजच्या प्रवासासाठीही ते वापरतात. या दोन वाहनांची तुलना करून पाहू.

मॉडेल टीचे इंजिन 2.9 लिटरचे होते व ते 20 अश्वशक्ती देत असे. एफ-150 च्या एका प्रकारात 2.7 लिटरचे, म्हणजे थोडे लहानच इंजिन असते. पण ते 325 अश्वशक्ती देते! याचे कारण असे की ते कितीतरी जलद फिरते, आणि टर्बोचार्जर त्यात जास्त हवा कोंबतो. हवा जास्त, म्हणून एका फेरीत जाळता येणारे पेट्रोलही जास्त.

इंधनाचा उपयोगही सुधारला आहे. ठिणगी पडण्यापूर्वी दट्ट्या सिलिंडरमधील मिश्रण दाबतो. मॉडेल टीमध्ये ते सुमारे एक चतुर्थांश आकारमानात दाबले जाई, आता एक दशांश. या दाबानुसार आदर्श इंजिनाची कार्यक्षमता काढली, तर ती अनुक्रमे 43 व 60 टक्के येते. घर्षण आणि वाया जाणारी उष्णता यांमुळे प्रत्यक्षात ती बरीच कमी असते, परंतु सुधारणेची दिशा स्पष्ट आहे.

मग आजची गाडी एका लिटरमध्ये खूप पुढे जायला हवी. मॉडेल टी लिटरला 5 ते 9 किलोमीटर जात असे. हा पिकअप सुमारे 9 किलोमीटर जातो. मग बचत गेली कुठे?

सुरुवातीच्या मॉडेल टीचे वजन सुमारे 550 किलोग्रॅम होते. 2015 पासून अॅल्युमिनियमची बॉडी वापरूनही पिकअपचे वजन सुमारे 2000 किलोग्रॅम आहे. मॉडेल टी ताशी 60 किलोमीटर वेगाने जात असताना तिची गतिज ऊर्जा सुमारे 76 किलोज्यूल असते. पिकअप ताशी 100 किलोमीटर वेगाने जात असेल, तर ती सुमारे 770 किलोज्यूल, म्हणजे दसपट होते! ब्रेक लावला की ही ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. शिवाय हवेचा रोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो.

या वजनाच्या मोबदल्यात काहीच मिळाले नाही असे नाही. चारही चाकांचे ब्रेक, हवेच्या सुरक्षा-पिशव्या, मजबूत सांगाडा आणि भरपूर भारवहन क्षमता मिळाली. पण हौदा रिकामा ठेवून एकच माणूस कामावर जातो, तेव्हा 70 किलोग्रॅमच्या माणसासाठी दोन टन वजन हलवले जाते. प्रत्येक लिटर पेट्रोलमागे सुमारे 2.3 किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तो वेगळाच.

वरील गतिज ऊर्जेचे गणित विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे. नंतर स्कूटर, रिक्षा आणि एस.टी.ची बस यांसाठी दर माणशी ऊर्जा काढायला सांगावी. केवळ इंजिन सुधारून इंधन वाचत नाही, त्या इंजिनाने काय ओढायचे हेही ठरवावे लागते, हे त्यांना आकड्यांतूनच कळेल.