लाईन गेली, आली... आणि डिस्क 'रीसिंक' व्हायला लागल्या! त्या काही तासांत डेटा का धोक्यात असतो?

वणीत मे महिन्याचं ऊन आणि त्यात अचानक गेलेली लाईन, यात नवीन काही नाही. पंखा थांबतो, वायफाय जातं, थोड्या वेळाने लाईन येते आणि सगळं पुन्हा सुरू होतं. मोबाईलला तर त्याचा पत्ताही लागत नाही, कारण त्याच्यात बॅटरी असते. पण ज्या मशीनमध्ये बॅटरी नाही आणि जी त्याच क्षणी डिस्कवर काहीतरी लिहीत होती, तिचं काय?

एक उदाहरण घेऊ. समजा गावातल्या एका फोटो स्टुडिओत 'नॅस' आहे, म्हणजे नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा. त्यात ४ टीबीच्या दोन डिस्क आहेत आणि दोन्हींवर एकच डेटा आहे. लग्नसराईचं सगळं शूट त्यातच ठेवलेलं. एका लग्नाचे व्हिडिओ कॉपी होत असतानाच लाईन गेली. लाईन आल्यावर डबा सुरू झाला आणि स्क्रीनवर दिसलं: 'रीसिंक, ३ टक्के'.

आता काय करायचं? काम चालू ठेवायचं, डबा बंद करायचा, की डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघायची? लग्न काही परत लागणार नाही, त्यामुळे इथे चूक महागात पडते. म्हणून आधी आत काय चाललंय ते समजून घेऊ.

मिररिंग म्हणजे नेमकं काय?

एकच डेटा एकाच वेळी दोन डिस्कवर लिहायचा, याला मिररिंग म्हणतात. तांत्रिक नाव 'रेड १'. 'रेड' हा शब्द १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांच्या शोधनिबंधामुळे रूढ झाला. मिररिंगची पद्धत त्याच्याही आधीची. त्या निबंधात तिला 'लेव्हल १' असा नंबर मिळाला.

फायदा सरळ आहे. एक डिस्क मेली तरी दुसरीवर काम चालू राहतं. पण हे गणित 'डिस्क मेली' या प्रसंगासाठी मांडलेलं आहे. लाईन गेली तेव्हा डिस्क मरत नाही. दोन्ही डिस्क जिवंत असतात, फक्त त्यांचं एकमेकींशी जुळत नाही. खरी गंमत इथून सुरू होते.

लाईन गेली त्या क्षणी काय होतं?

'एकाच वेळी दोन डिस्कवर' असं आपण म्हणतो, पण ते अगदी त्याच क्षणी होत नाही. दोन्ही डिस्कना ऑर्डर जाते आणि प्रत्येक डिस्क आपापल्या गतीने लिहिते. मध्येच वीज गेली तर एका डिस्कवर नवीन डेटा लिहून झालेला असतो आणि दुसरीवर त्याच जागी अजून जुनाच असतो.

मशीन पुन्हा सुरू झाल्यावर तिला एवढंच कळतं की 'मी नीट बंद झाले नव्हते, त्यामुळे दोन्ही डिस्क सारख्या असतीलच असं नाही'. मग ती रीसिंक सुरू करते. एक डिस्क मूळ प्रत धरायची आणि तिच्यावरचं दुसरीवर उतरवायचं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: रीसिंक दोन्ही प्रती सारख्या करतं. बरोबर कोणती, हे ते तपासत नाही. दोन साक्षीदार वेगवेगळं सांगत असतील आणि तिसरा कोणी नसेल, तर खरं कोण बोलतंय हे ठरवणार कसं? साध्या मिररिंगचं तसंच आहे.

पण घाबरू नका. बहुतेक वेळा यात काही बिघडत नाही. अर्धवट राहिलेल्या त्या कामाला डिस्कने 'झालं' असा निरोप दिलेलाच नव्हता. त्यामुळे तिथे जुना डेटा असला तरी चालतो आणि नवा असला तरी चालतो. अर्धवट फाईलचा हिशोब लावायला फाईल सिस्टीमची स्वतःची वही असते, तिला 'जर्नल' म्हणतात. तुमची कॉपी होत असलेली शेवटची फाईल अर्धवट राहील, बाकीचं सुखरूप असेल.

मग धोका कुठे आहे?

*१. एकाच प्रश्नाची दोन उत्तरं.* एरवी वेग वाढावा म्हणून मशीन कधी या डिस्कवरून वाचते, कधी त्या. रीसिंक संपायच्या आधी असं केलं तर आत्ता नवा डेटा मिळेल आणि पाच मिनिटांनी त्याच जागेवरून जुना. फाईल सिस्टीम या घोळावर विश्वास ठेवून पुढे लिहायला लागली, तर चांगल्या फाईलींचीही वाट लागते. म्हणून लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड सिंक न झालेला भाग एकाच ठरलेल्या डिस्कवरून वाचतो. ही काळजी सॉफ्टवेअर घेतं, पण तुम्ही मध्येच एक डिस्क काढून थेट कॉम्प्युटरला लावली की ती काळजी संपली.

*२. आधीपासून खराब झालेला सेक्टर.* स्टुडिओतल्या दोन वर्षांपूर्वीच्या लग्नाची फाईल कोणी उघडलेलीच नाही. ती जिथे आहे तो सेक्टर खराब झाला असेल तर कळणार कसं? पूर्ण रीसिंकमध्ये डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते, तेव्हा असले सेक्टर समोर येतात. घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात बहुतेक वेळा असं लिहिलेलं असतं की १०० लाख कोटी बिट, म्हणजे सुमारे १२.५ टीबी, वाचताना न वाचता येणारा सेक्टर एकापेक्षा जास्त वेळा येऊ नये. हा कंपनीने दिलेला हिशोब आहे, तुमच्या डिस्कचं भविष्य नाही. क्रॅशनंतरच्या रीसिंकमध्ये निदान दुसरी डिस्क हाताशी असते. पण मेलेल्या डिस्कच्या जागी नवी कोरी डिस्क लावली असेल, तर वाचायला एकच डिस्क उरते. तिथला सेक्टर गेला म्हणजे गेला.

*३. 'झालं' असं सांगून न लिहिणारी डिस्क.* डिस्कमध्ये छोटी कॅश मेमरी असते. डेटा आधी तिथे येतो आणि मग तबकडीवर जातो. सिस्टीमने 'आत्ताच्या आत्ता पक्कं लिही' अशी ऑर्डर दिली की डिस्कने ती पाळायला हवी. एखादी डिस्क किंवा यूएसबी अडॅप्टर ती ऑर्डर नीट पाळत नसेल, तर पक्कं झालं म्हणून सांगितलेला डेटाही लाईनबरोबर जातो. इथे जर्नलही वाचवू शकत नाही.

*४. शिळी डिस्क परत येणं.* हा सगळ्यात वाईट प्रकार. समजा दोन महिन्यांपूर्वी केबल सैल होऊन एक डिस्क बाजूला पडली होती. डबा एका डिस्कवर चालत राहिला आणि कोणाचं लक्ष गेलं नाही. आज लाईन गेल्यावर कोणीतरी सगळ्या केबल घट्ट केल्या आणि ती डिस्क परत आली, दोन महिने जुना डेटा घेऊन! लिनक्सचा रेड प्रत्येक डिस्कवर एक वाढता आकडा लिहून ठेवतो. ज्या डिस्कचा आकडा मागे, ती शिळी. त्यामुळे सॉफ्टवेअर सहसा फसत नाही. पण माणूस फसतो. आधी एका डिस्कवर मशीन चालवली, मग दुसरीवर चालवली, की दोन्हींवर वेगवेगळा नवा डेटा तयार होतो. किंवा जबरदस्तीने रीसिंक करताना दिशा उलटी निवडली, की शिळा डेटा ताज्याला पुसून टाकतो. तोही पूर्ण शांतपणे, शंभर टक्के होईपर्यंत.

मोठ्यांनाही हा प्रश्न सुटत नाही

दोन प्रतींचं जुळेना झालं की काय होतं, हे मुंबईने २४ फेब्रुवारी २०२१ ला पाहिलं. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजच्या मुख्य केंद्रातला डेटा जवळच्या दुसऱ्या केंद्रातही ठेवला जातो. त्या दिवशी दोन केंद्रांना जोडणाऱ्या टेलिकॉम लिंक अस्थिर झाल्या. त्यानंतर स्टोरेज यंत्रणा सर्व्हरना मिळेनाशी झाली आणि जोखीम सांभाळणारी यंत्रणा बंद पडली. ११:४० ला ट्रेडिंग थांबवलं, ते ३:४५ ला परत सुरू झालं आणि ५ वाजेपर्यंत चाललं.

२१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहबचं असंच झालं. अमेरिकेतल्या दोन ठिकाणांमधलं नेटवर्क फक्त ४३ सेकंद तुटलं. तेवढ्यात दोन्हीकडच्या डेटाबेसमध्ये वेगवेगळ्या नोंदी झाल्या. पुन्हा मेळ घालायला लागले २४ तास ११ मिनिटं. घाई करून डेटा बिघडवण्यापेक्षा सेवा मंद ठेवणं त्यांनी पसंत केलं. आपल्या दोन डिस्कच्या डब्यालाही हाच नियम लावा.

रीसिंकला किती वेळ लागतो?

४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी या वेगाने पूर्ण वाचायची म्हटली तर साधारण साडेसात तास लागतात. त्यात कोणी व्हिडिओ एडिट करत बसलं तर आणखी जास्त.

यावर एक छान उपाय आहे: 'राईट इंटेंट बिटमॅप'. लिहायच्या आधी मशीन टिपून ठेवते की 'मी आता या भागात लिहिणार आहे'. क्रॅशनंतर सगळी डिस्क न तपासता तेवढेच भाग सिंक केले जातात, त्यामुळे तासांचं काम अनेकदा मिनिटांत होतं. तुमच्या नॅसमध्ये ही सोय असेल तर चालू ठेवा.

'झेडएफएस' आणि 'बीटीआरएफएस' या फाईल सिस्टीम आणखी एक पाऊल पुढे जातात. त्या प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे त्या डेटावरून काढलेला तपासणी आकडा, वेगळा लिहून ठेवतात. दोन प्रती वेगळ्या निघाल्या तर चेकसम कोणाशी जुळतो ते बघतात. मघाशी ज्या तिसऱ्या साक्षीदाराची उणीव होती, तो हाच.

रीसिंक चालू असताना काय करायचं?

- डबा चालू राहू द्या. मुद्दाम बंद करू नका.
- डिस्क काढू नका, अदलाबदल करू नका, एकेक डिस्क लावून 'बघून घेऊ' असं करू नका.
- 'फोर्स', 'रीबिल्ड', 'इनिशिअलाइज' अशी बटणं अर्थ कळल्याशिवाय दाबू नका.
- ज्या फाईलींशिवाय चालणारच नाही, त्या आधी बाहेरच्या वेगळ्या डिस्कवर कॉपी करा. रीसिंक थोडं हळू होईल, होऊ द्या.
- मोठं एडिटिंग आणि नवीन शूट टाकणं दुसऱ्या दिवशी.
- संपल्यावर 'स्मार्ट' रिपोर्ट बघा. 'पेंडिंग सेक्टर' शून्य नसेल तर डिस्क बदलायच्या तयारीला लागा.

आणि पुढच्या वेळेसाठी: यूपीएस लावा, आणि तोही यूएसबी केबलने नॅसला जोडा. म्हणजे बॅटरी संपत आली की डबा स्वतःहून नीट बंद होईल. महिन्यातून एकदा 'डेटा स्क्रबिंग' चालवा, म्हणजे खराब सेक्टर संकटाच्या आधी सापडतील. डिस्क बाजूला पडली तर मोबाईलवर मेसेज येईल असं सेटिंग करा. दोन महिने शिळी डिस्क राहते ती या मेसेजअभावीच.

मोबाईलवाल्यांनी यातून काय घ्यायचं?

तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही दोन प्रतींची एक युक्ती आहे. अँड्रॉइड ७ पासून अनेक फोनमध्ये सिस्टीमचे 'ए' आणि 'बी' असे दोन कप्पे असतात. अपडेट वापरात नसलेल्या कप्प्यात लिहिलं जातं. मध्येच फोन बंद पडला तरी जुना कप्पा शाबूत असतो. दोन्हीकडे एकदम लिहायचं नाही, त्यामुळे कोणती प्रत खात्रीची याबद्दल शंकाच नाही. मिररिंगमध्ये नेमकं उलट आहे, दोन्हीकडे एकदम लिहिलं जातं.

म्हणूनच मिररिंग म्हणजे बॅकअप नाही. तुम्ही चुकून फोल्डर डिलीट केलं तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातं. फोटो सिंकचंही तसंच, फोनमधून उडवलं की बऱ्याच वेळा क्लाउडमधूनही उडतं. जी प्रत तुमच्या चुकीबरोबर बदलत नाही, तीच खरी बॅकअप. डेटाच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर किंवा दुकानाबाहेर.

ओळखीतल्या कोणाकडे दोन डिस्कचा डबा असेल, तर आज त्यांना एवढंच विचारा: 'दोन्ही डिस्क खरंच चालू आहेत ना? आणि तिसरी प्रत कुठे आहे?' दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं नाही, तर या आठवड्यातच एक बाहेरची डिस्क घ्यायला लावा. पुढची लाईन कधी जाईल ते आपल्या हातात नाही, तिसरी प्रत मात्र आहे.