मुका रोगी आणि बोलका धनी



माणसांच्या डॉक्टरपुढे रोगी येऊन बसला, की डॉक्टर पहिला प्रश्न टाकतो, "काय होतंय?" रोगी सांगू लागतो आणि निम्मे निदान तिथेच होऊन जाते. जनावरांच्या डॉक्टरला ही सोय नाही. त्याचा रोगी दावणीला मान खाली घालून उभा असतो आणि होता होईल तो दुखणे लपवतो. रानात कळपातले जे जनावर लंगडले, त्याच्यावर वाघाची नजर आधी पडायची. गोठ्यात येऊन हजारो वर्षे झाली, तरी ती लपवण्याची सवय सुटलेली नाही.

मी काही पशुवैद्य नव्हे. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. पण घरची शेती आहे, गोठा आहे, आणि डॉक्टर आले की दावे धरून उभे राहण्याचे काम लहानपणापासून माझ्याकडे. त्यामुळे पुष्कळ डॉक्टरांचे हात जवळून पाहायला मिळाले. त्यातले जे कामाचे वाटले, ते पदवी घेऊन नुकतेच खेड्यात आलेल्या तरुण डॉक्टरांना सांगावे असे वाटते. गोठ्याच्या धन्यानेही ते ऐकावे. कारण डॉक्टर गोठ्यात असतो फार तर अर्धा तास, बाकीची शुश्रूषा धन्याच्याच हाती.

चांगला डॉक्टर आल्या आल्या जनावराला हात लावत नाही. दहा पावलांवर उभा राहून नुसता पाहतो. कान हलताहेत का, माश्या वारते आहे का, चारही पायांवर सारखा भार आहे का, रवंथ चालू आहे का. निरोगी गाय दिवसातले सहा-आठ तास रवंथ करते. ते थांबले म्हणजे काहीतरी बिघडले हे नक्की. मग धन्याशी बोलणे. हे बोलणे घाईने उरकू नये. कधीपासून खात नाही, शेण कसे पडते, व्यायली कधी, चाऱ्यात काय बदल झाला, हे सारे एकेक करून काढावे लागते. त्यातले शेवटचे उत्तर धनी सहसा आपणहून देत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बैल सुस्त पडतो, पोट गच्च होते. पण कौतुकाने किती पुरणपोळ्या चारल्या हे सांगायला माणूस संकोचतो. लग्नातला उरलेला भात गाईपुढे ओतला, तरी तेच. शिजलेले धान्य आणि गूळ कोठीपोटात झपाट्याने आंबतात, आम्ल वाढते, आणि वेळीच उपाय झाला नाही तर जनावर दगावते. म्हणून रागावून विचारू नये. आणि एक गोष्ट विसरू नये, धारा काढणाऱ्या बाईला विचारावे. पुरुष अंगणात उभे राहून बोलत असतात. पण कालपासून एका सडाला हात लावू देत नाही, हे तिलाच ठाऊक असते.

मग जवळ जावे, तेही तोंडाने काही बोलत, जनावराला दिसेल अशा बाजूने. गाय पुढून बाजूला फिरवून लाथ मारते, हे नव्या माणसाने ध्यानात ठेवावे. गाईबैलांचा ताप गुदद्वारात पाहतात. १०१ ते १०२ अंश फॅरनहाइटच्या आसपास तो साधारण समजावा. मात्र भर दुपारी दोन कोस चालवत आणलेल्या म्हशीचा पारा चढलेला दिसला, तर लगेच सुई टोचू नये. तिची कातडी काळी, घाम थोडा. उन्हाने तिचे अंग तापतेच. अर्धा तास सावलीत उभी करावी, पाणी दाखवावे आणि पुन्हा पाहावे. डाव्या भकाळीत मूठ दाबून धरली, की मिनिटाला एक-दोन वेळा आतून उसळी लागते. ती लागली म्हणजे पोट चालू आहे.

आता औषध पाजण्याविषयी. याविषयी मी जरा अधिक बोलणार आहे, कारण यात जितकी जनावरे फुकट जातात तितकी जाण्याचे काहीच कारण नाही. आमच्या शेजारच्या एका शेतकऱ्याचा खिलार बैल फुगला होता. तेल आणि औषध पाजायला सांगितले गेले. दोघांनी वेसण ओढून मान आभाळाकडे केली, तिसऱ्याने जीभ बाहेर खेचली आणि बाटली घशात उपडी केली. बैल ठसकला, तरी बाटली संपवली. पोट उतरले, घरात आनंद झाला. तिसऱ्या दिवशी धाप लागली, नाकातून घाण येऊ लागली, आणि पाचव्या दिवशी बैल गेला. पेरणी तोंडावर आलेली. उरलेल्या एका बैलावर सावड करून त्या घराने कशीबशी पेरणी केली. औषध बरोबर होते. ते पाजायचे कसे, एवढेच कोणी सांगितले नव्हते.

जीभ ओढून धरली की जनावराला गिळता येत नाही. मान फार उंच केली की पातळ पदार्थ श्वासनळीत उतरतो. तेल तर फुफ्फुसात गेले की बाहेर निघतच नाही. म्हणून तोंड पाठीच्या रेषेपेक्षा किंचितच वर धरावे, जीभ मोकळी सोडावी, बाटली जबड्याच्या कोपऱ्यातून आत घालावी, एक घोट द्यावा आणि तो गिळला की दुसरा. ठसका लागला तर तत्काळ मान सोडून द्यावी. डॉक्टरने पहिला घोट स्वतः पाजून दाखवावा आणि दुसरा धन्याकडून पाजून घ्यावा. यात पाच मिनिटे जातात.

बसल्या गाईला तर तोंडाने काही पाजूच नये. भरपूर दूध देणारी गाय व्याल्यावर दोन-तीन दिवसांत एकदम बसते, मान कुशीकडे वळवते, कान थंड पडतात. याला दुग्धज्वर म्हणतात. नावात ज्वर असला तरी अंग गार असते, बरं का! रक्तातले कॅल्शियम उतरलेले असते आणि गिळण्याची ताकद गेलेली असते. इथे शिरेतून कॅल्शियम दिले की गाय थरथरते, ढेकर देते आणि पुष्कळदा तासाभरात उठते. पाहणाऱ्याला जादूच वाटते. पण ही बाटली अंगाच्या उबेइतकी कोमट करून, हृदयाचे ठोके ऐकत, सावकाश सोडायची असते. दहा मिनिटांच्या आत संपवू नये. भोवतीचे लोक "डॉक्टर, सोडा की भराभर" म्हणतात. त्यांचे ऐकून घाई केली, तर हृदय बंद पडते. गाय उठेपर्यंत तिला कुशीवर आडवी पडू देऊ नये. छातीवर बसती ठेवावी, दोन्ही बाजूंना गवताने भरलेली पोती लावावीत, खाली जाड पेंढा घालावा आणि दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी. हे काम घरच्यांचे. रात्रीच्या पाळ्या कोणाच्या, हे डॉक्टरने निघण्याआधीच विचारून घ्यावे.

गाय लाळ गाळते, घास अडकल्यासारखे करते, म्हणून उघडा हात तोंडात घालणारे अजून आहेत. ती पिसाळलेली असू शकते. हंबरण्याचा आवाज बदलला आहे का, महिन्या-दोन महिन्यांत कुत्रे चावले होते का, हे आधी विचारावे, आणि हातमोजे घातल्यावाचून तोंडाला हात लावू नये. माणसात या रोगाची लक्षणे दिसू लागली की जीव वाचत नाही, असे समजूनच चालावे. म्हणून पशुवैद्याने प्रतिबंधक लस आधीच घेतलेली असावी, आणि लाळेचा संपर्क झालाच तर जखम साबणाने भरपूर वेळ धुऊन माणसांच्या दवाखान्यात त्याच दिवशी जावे.

जाताना आणखी एक. प्रतिजैविक टोचले असेल, तर किती दिवस दूध डेअरीला घालायचे नाही आणि घरातल्या मुलांना द्यायचे नाही, ते आकडा घालून कागदावर लिहून द्यावे. "थोडे दिवस" म्हटले तर त्याचा अर्थ उद्या संध्याकाळपर्यंत असाच घेतला जातो.

खेड्यातल्या शिक्षकांना इथे पुष्कळ करता येईल. सातवीतल्या मुलाला वहीत चार रकाने आखायला शिकवावे: ताप, रवंथ, शेण, दूध. घरचे जनावर आजारी असेल तेव्हा त्याने सकाळ-संध्याकाळ त्यात नोंद करावी आणि डॉक्टर आले की वही पुढे ठेवावी. ताप पाहताना घरातले मोठे माणूस जवळ असावे, आणि थर्मामीटरला दोरा बांधून त्याचा चिमटा शेपटीच्या केसांना लावावा. नाहीतर तो शेणात पडतो आणि मग सापडत नाही.