दिवाळीची मिरवणूक आणि शहराचा आराखडा

मुंबई विद्यापीठाने १९१९ साली समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र असा जोडविभाग काढला आणि त्याचे पहिले प्राध्यापक म्हणून एका वनस्पतिशास्त्रज्ञाला नेमले. पॅट्रिक गेडिस तेव्हा पासष्टीला टेकले होते. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी तीसेक वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले होते. विद्यापीठाच्या या निवडीत विसंगती काहीच नव्हती. नदी, माती, धंदा, घर आणि गल्ली यांचा अभ्यास वेगवेगळ्या खात्यांनी आपापल्या टेबलावर केला, तर त्यातून शहर कळत नाही, हे गेडिस आयुष्यभर सांगत आले होते. आज शाश्वत अवकाशीय नियोजन आणि आंतरविद्याशाखीय संशोधन अशी भारदस्त नावे घेतलेल्या विषयाची मुळे बरीचशी त्यांच्याच कामात सापडतात. त्या कामाचा सर्वांत समृद्ध भाग भारतात, आणि त्यातही होळकरांच्या इंदुरात घडला.

त्यांच्या भारतातल्या कामाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दाट वस्ती हेच रोगाचे मूळ ठरवले गेले. १८९८ साली मुंबई सुधार न्यास, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला. जुन्या वस्त्या पाडून त्यातून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढण्यात आले. ज्यांची घरे पडली त्यांतले बरेच लोक शेजारच्या गल्ल्यांत शिरले आणि तिथली दाटी वाढली. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचना कायदा झाला. भारतातला या विषयावरचा तो पहिला कायदा.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधल्या बॅलेटर या गावी झाला. लंडनला टी. एच. हक्सली यांच्या हाताखाली ते जीवशास्त्र शिकले. १८७९ साली मेक्सिकोत असताना डोळ्यांच्या आजाराने त्यांना काही काळ अंधाऱ्या खोलीत राहावे लागले. सूक्ष्मदर्शकावरचे काम त्यानंतर त्यांना पूर्वीसारखे जमले नाही. त्या अंधारात कागदाच्या घड्या घालून, प्रत्येक चौकोनाला एकेक कल्पना देऊन ते विचार करू लागले, आणि ही सवय त्यांना जन्मभर पुरली. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ फ्रेदरिक ल प्ले यांच्याकडून त्यांनी स्थळ, काम आणि लोक ही त्रयी घेतली. कागदाच्या घडीत या तिघांची एकमेकांशी गाठ घातली की कामामुळे स्थळ कसे बदलते आणि स्थळामुळे लोक कसे घडतात, असे प्रश्न आपोआप उभे राहतात.

त्यांचे दुसरे साधन म्हणजे नदीखोऱ्याचा छेद. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतच्या जमिनीचा एकच लांब छेद काढायचा आणि त्यावर खाणकामगार, लाकूडतोड्या, शिकारी, मेंढपाळ, शेतकरी आणि कोळी आपापल्या जागी उभे करायचे. शहर या रेषेच्या खालच्या टोकाला वसते आणि वरच्या सगळ्यांवर जगते. सह्याद्रीच्या माथ्यावरून कोकणात उतरणाऱ्याला हा छेद पुस्तकाशिवाय दिसतो: वर रान आणि गुरे, उतारावर नाचणी-वरीची शेते, खाली भात, आगर, खाडी आणि बंदर. वरचे रान तुटले की खालची खाडी गाळाने भरते. हे एकाच चित्रात दिसत असताना वनखाते, पाटबंधारे आणि नगरपालिका यांनी तीन वेगळे नकाशे का वापरावेत, याचे समाधानकारक उत्तर अजून मिळालेले नाही.

विद्वत्तेला कृतीची जोड हवी म्हणून १८८७ साली गेडिस आणि त्यांची पत्नी ॲना एडिंबरोच्या जुन्या, मोडकळीला आलेल्या वस्तीत, जेम्स कोर्टमध्ये राहायला गेले. घरे धुणे, भिंती रंगवणे, अंगणात झाडे लावणे इथपासून त्यांनी सुरुवात केली. १८९२ साली त्यांनी त्याच भागातला एक मनोरा घेतला आणि त्याला आउटलुक टॉवर असे नाव दिले. सर्वांत वर शहराचे हलते प्रतिबिंब दाखवणारी अंधारी खोली, म्हणजे कॅमेरा ऑब्स्क्युरा, खालच्या मजल्यांवर एडिंबरो, स्कॉटलंड असे करत शेवटी तळाशी जग, अशी त्याची मांडणी होती. आपल्या गावापासून सुरू करून जगापर्यंत पोचायचे, हा त्यामागचा क्रम.

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून १९१४ साली गेडिस भारतात आले. जगातल्या शहरांचे नकाशे आणि चित्रे यांचे त्यांचे मोठे प्रदर्शन ‘क्लॅन ग्रँट’ या जहाजातून मागाहून येत होते. महायुद्ध सुरू झालेले होते. सप्टेंबरात मद्रासवर तोफा डागणाऱ्या ‘एम्डन’ या जर्मन युद्धनौकेने ऑक्टोबरात हे जहाज बुडवले आणि वर्षानुवर्षे जमवलेले सगळे साहित्य हिंदी महासागराच्या तळाशी गेले. ब्रिटनमधल्या मित्रांनी धावपळ करून दुसरे साहित्य जमवले आणि जानेवारी १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन उघडले.

त्यानंतरच्या काही वर्षांत ठाणे, नडियाद, मदुराई, तंजावर, बडोदा, लाहोर, बलरामपूर अशा अनेक गावांवर त्यांनी अहवाल लिहिले. पद्धत सगळीकडे एकच. आधी नकाशा हातात घेऊन गाव पायी फिरायचे, गल्लीबोळांसकट. पडकी घरे कुठली, विहिरी कुठे, देवळाभोवतीची जागा कशी, मुले कुठे खेळतात, बायका पाणी कुठून आणतात, जुने झाड कुठे आहे, हे सगळे टिपायचे. वैद्याने नाडी पाहावी तसे हे निदान. ते झाल्याशिवाय आराखड्याची रेघ ओढायची नाही.

उपायाला त्यांनी जपणुकीची शस्त्रक्रिया असे नाव दिले. चांगली घरे राखायची, पार मोडलेली तेवढी काढायची, त्या मोकळ्या जागा जोडून छोटे चौक करायचे, चौकात झाड लावायचे आणि पार बांधायचा. रिकामी जागा नुसती सोडली तर तिचा उकिरडा होतो हे त्यांनी पाहिले होते, म्हणून तिथे लगेच झाड आणि बसायची जागा हवी असा त्यांचा आग्रह. तंजावरच्या किल्ल्यातल्या एका भागासाठी काटकोनात सरळ रस्ते काढण्याच्या योजनेला किमान ३०,००० रुपये लागणार होते. गेडिस यांच्या योजनेचा सुरुवातीचा अंदाज ५,००० रुपयांचा होता. भोसल्यांच्या राजधानीतल्या त्या गल्ल्या आजही सरळ नाहीत, आणि दुपारच्या उन्हात त्यांच्या सावलीची किंमत चालणाऱ्याला कळते.

तलावांबाबतही त्यांचे मत काळाच्या विरुद्ध होते. हिवतापाच्या भीतीने शहरोशहरी तळी बुजवली जात होती. तळे स्वच्छ राखा, त्यात मासे आणि बदके सोडा, ती डासांच्या अळ्या खातील, असे जीवशास्त्रज्ञ गेडिस सांगत. तळ्यामुळे हवेत गारवा राहतो आणि पावसाचे पाणी साठते, याकडेही ते लक्ष वेधत. मुंबईतली तळी मात्र बुजवली गेली. धोबी तलाव, खारा तलाव, दोन टाकी, गोवालिया टँक ही आता निव्वळ नावे उरली आहेत. पाणी गेले, पत्ता राहिला.

इंदूरचे काम मात्र या सगळ्यांहून मोठे. १९१७ साली तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या राज्यात गेडिस काम करू लागले, तेव्हा शहराला प्लेग आणि हिवताप यांनी घेरले होते. ते वर्ष गेडिस यांच्यासाठी फार दुःखाचे. एप्रिलमध्ये थोरला मुलगा ॲलिस्टर फ्रान्सच्या रणभूमीवर पडला. भारतात आजारी असलेल्या ॲनापासून ही बातमी लपवून ठेवण्यात आली, आणि जूनमध्ये त्याही गेल्या. त्याच वर्षीची दिवाळी इंदूरच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगावी अशी झाली.

पुढे स्वतः गेडिस यांनी सांगितलेली हकीगत अशी. दरबाराने एका दिवसापुरते त्यांना जणू राजाचे अधिकार दिले. त्यांनी जाहीर केले की यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या भागातली घरे आणि रस्ते सर्वांत नीट झाडलेले आणि दुरुस्त केलेले असतील, त्या भागातून जाईल. घरातला कचरा फुकट उचलून नेण्याची सोयही केली. लक्ष्मीच्या स्वागतासाठी घर झाडायचे, ही लोकांची जुनीच रीत. गेडिस यांनी ती रीत उंबऱ्याबाहेर, गल्लीच्या टोकापर्यंत नेली. मिरवणूक आपल्या दारावरून जावी म्हणून मोहल्ल्यामोहल्ल्यांत चढाओढ लागली. घरे सारवली गेली, भिंतींना चुना लागला, वर्षानुवर्षांचे अडगळीचे ढीग गाड्यांतून बाहेर गेले, उंदीर पकडले गेले.

मिरवणुकीत आधी दरबारी थाट होता: हत्ती, घोडेस्वार, पिकांची आरास, लक्ष्मी. मग वाद्यांचा सूर उदास झाला आणि घाणीचा राक्षस, प्लेगचा अवाढव्य उंदीर, हिवतापाचे डास अशी सोंगे आली. त्यांच्यामागून आले शहराचे सफाई कामगार, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, फुले माळून. त्यांच्या गाड्या नव्याने रंगवलेल्या होत्या आणि बैल धुऊन सजवलेले होते. त्यांच्यानंतर शहराची देवता, नव्या इमारतींच्या प्रतिकृती, माळी, आणि शेवटी तुळशीच्या रोपांनी भरलेल्या गाड्या. ही रोपे घरोघरी वाटण्यात आली. रात्री राक्षस आणि उंदीर जाळले गेले, दारूकाम झाले.

ज्या माणसांची सावलीही लोक टाळत, त्यांना १९१७ साली राजाच्या मिरवणुकीत मानाची जागा देणे, ही या सोहळ्यातली सर्वांत धाडसी गोष्ट. आरोग्यखात्याच्या शंभर फर्मानांनी जे झाले नसते ते एका सणाने झाले, कारण सणाची भाषा लोकांना आधीच येत होती. नगररचनेच्या पाठ्यपुस्तकात या मिरवणुकीला एक आख्खे प्रकरण द्यायला हवे.

तुळशीचे महत्त्व गेडिस यांना शोभेपुरते वाटत नव्हते. इंदूरच्या अहवालात त्यांनी तुळशीवृंदावनावर आवर्जून लिहिले आहे. अंगणात तुळस जगवायची तर अंगण हवे, ऊन हवे, रोजचे पाणी आणि रोजची निगा हवी. म्हणजे तुळस टवटवीत आहे ते घर नीट आहे. एक रोप पाहून घराचे आरोग्य ओळखण्याची ही नजर वनस्पतिशास्त्रज्ञाचीच.

दोन खंडांचा हा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात खान आणि सरस्वती या नद्यांचे काठ स्वच्छ करून तिथे बागा करण्याच्या सूचना आहेत, गिरणी कामगारांच्या घरांचा विचार आहे, आणि दुसऱ्या खंडात इंदूरच्या भावी विद्यापीठाची विस्तृत मांडणी आहे. सांडपाण्यावरची त्यांची भूमिका विशेष वाचनीय. युरोपने सगळी घाण गटारात आणि तिथून नदीत ढकलली. भारताने आपल्या खेड्याची चाल धरावी आणि जे मातीतून आले ते मातीला परत करावे, असे त्यांनी मांडले. सांडपाण्यावर बागा आणि भाजीपाला पिकवण्याचा हिशोब ते करत होते.

याच शहरात १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड यांनी वनस्पतिसंशोधन संस्था उभारली आणि काडीकचरा, शेण व मूत यांपासून खत करण्याची पद्धत बसवली. सेंद्रिय शेतीच्या जगात ती ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. आणि २०१७ पासून देशाच्या स्वच्छ सर्वेक्षणात सलग सात वर्षे पहिला क्रमांक इंदूरचाच होता. तिथे ओला आणि सुका कचरा दारातच वेगळा होतो, आणि रोज ५५० टन ओला कचरा घेऊ शकणारा वायुप्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. गेडिस, हॉवर्ड आणि आजचे इंदूर यांच्यात थेट गुरुशिष्य परंपरा नाही. तरीही कचरा हे मातीचे देणे आहे हा विचार एकाच गावात शतकभर पुन्हापुन्हा उगवावा, ही लहान गोष्ट नव्हे.

मुंबईत गेडिस १९२४ पर्यंत शिकवत होते. मालवणचे गो. स. घुर्ये यांची त्यांनी परदेशी शिक्षणासाठी शिफारस केली, आणि केंब्रिजहून परतल्यावर घुर्ये यांनी विभागाची धुरा १९५९ पर्यंत वाहिली. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई असे अभ्यासक त्यातून घडले. जात, कुटुंब आणि नातेसंबंध यांच्या अभ्यासात विभागाने मोठे नाव मिळवले. गल्ली, नदी आणि नकाशा मात्र मागे पडले.

गेडिस यांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. त्यांची मदार संस्थानिक आणि गव्हर्नर यांच्या मर्जीवर होती. अनेक अहवाल कपाटात राहिले. त्यांचे लिखाण पसरट, बोलणे त्याहून पसरट. जमिनीच्या मालकीचा आणि भाड्याचा प्रश्न त्यांनी पुरेसा हाताळला नाही, आणि भारतीय शहरांच्या सुधारणा आजही तिथेच अडतात. १९२४ साली ते फ्रान्सला गेले आणि १७ एप्रिल १९३२ रोजी माँपेलिए येथे वारले.

त्यांच्या विचारांची पुढची वाटचाल लांबची आहे. जॅकलिन टिरविट यांनी १९४७ साली भारतातल्या अहवालांचे निवडक संकलन केले. स्कॉटिश निसर्गरचनाकार इयन मॅकहार्ग यांनी १९६९ च्या ग्रंथात माती, उतार, पाणी आणि वनस्पती यांचे पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवण्याची पद्धत रुजवली. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात घाटाचे सुमारे नऊ किलोमीटर बाजूचे चौकोन पाडून प्रत्येकाची संवेदनशीलता मोजली आणि अंतिम निर्णय ग्रामसभांपर्यंत न्यावा असे सुचवले. स्थळ, काम आणि लोक ही त्रयी तिथे संगणकावर पुन्हा भेटते.

मुंबई विद्यापीठातला १९१९ चा विभाग आज समाजशास्त्र विभाग म्हणून ओळखला जातो. जोडनावातला नागरिकशास्त्राचा अर्धा भाग गळून गेला आहे. तो परत जोडावा, आणि तिथल्या विद्यार्थ्याने पहिले सत्र हातात नकाशा घेऊन एखाद्या वस्तीत पायी फिरण्यात घालवावे.