विश्लेषण : चित्र काढल्याने आजार बरा होतो का?

रत्नागिरीत मनोरुग्णालय १८८६ पासून आहे. तरीही घरात कुणाचे मन बिघडले की आधी देवाला गाऱ्हाणे, मग देवऋषी आणि शेवटी डॉक्टर, असा क्रम अनेक कुटुंबांत दिसतो. आता त्यात ‘आर्ट थेरपी’ची भर पडली आहे. तिच्यावर भरवसा किती ठेवायचा?

चित्र आणि उपचाराचे नाते किती जुने?

गुजरात-मध्य प्रदेशातील राठवा, भिलाला समाजात आजारपण आले किंवा पीक बुडाले की पिठोराचा नवस बोलतात. तो फेडताना घराच्या भिंतीवर घोडे रंगवले जातात. ओडिशातील सौरा आदिवासीही आजार टळावा म्हणून भिंतीवर चित्र काढतात. अमेरिकेतील नवाहो लोक जमिनीवर रंगीत वाळूचे चित्र रेखाटून रुग्णाला त्यावर बसवतात आणि विधी संपला की ते मोडून टाकतात. या चित्रांमागे श्रद्धा असते. पण त्या निमित्ताने माणसे जमतात आणि आजारी माणूस एकटा पडत नाही.

आधुनिक कलोपचार वेगळा कसा?

यात कुंचला रुग्णाच्याच हाती असतो. ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांना क्षयरोगाच्या आजारपणात चित्रे काढून उभारी मिळाली. १९४२ मध्ये त्यांनी ‘आर्ट थेरपी’ हा शब्द वापरला. चित्र सुंदर आहे की नाही, याला येथे महत्त्व नाही. जे बोलता येत नाही ते कागदावर उतरावे आणि प्रशिक्षित उपचारकाशी त्यावर बोलता यावे, हा हेतू असतो.

पुरावे काय सांगतात?

अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या २०१६ मधील अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटे कलाकृती केल्या. सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक घटले. कलेचा सराव असणे-नसणे याने फरक पडला नाही. मात्र अभ्यास छोटा होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन, आजार टाळण्यात आणि उपचारात कलांचा हातभार लागतो, असे म्हटले.

मग घरच्यांनी काय करावे?

रंग-कागद जरूर द्यावेत, शेजारी बसावे, चित्राला नावे ठेवू नयेत. पण सुरू असलेली औषधे स्वतःहून बंद करू नयेत. झोप उडाली, भास होऊ लागले किंवा जीव नकोसा झाल्याचे बोलणे सुरू झाले तर तातडीने डॉक्टर गाठावा. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर २४ तास, मराठीतही बोलता येते. गाऱ्हाणे घाला, रंगही घ्या; फक्त डॉक्टरला शेवटी ठेवू नका.