लाखोळी : परीक्षा बियाची की पचनाची?

भंडारा जिल्ह्यात धान कापणीला येण्याच्या सुमारास, बांधीतील ओल सुकण्यापूर्वीच, उभ्या पिकात लाखोळीचे बी फेकले जाते. नांगरट नाही, खत नाही, वेगळे पाणी नाही. तरीही उन्हाळ्याच्या तोंडाशी डाळ घरात येते. वजनाच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक प्रथिने असणाऱ्या याच डाळीच्या विक्रीवर १९६१ मध्ये बंदी आली. पेरा मात्र थांबला नाही.

बंदीला कारण होते आणि ते काल्पनिक नव्हते. दुष्काळात महिनोन् महिने जवळजवळ केवळ लाखोळीवर जगलेल्या माणसांचे पाय कायमचे लुळे पडल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून आहेत. त्यामागील 'ओडॅप' हे विषारी द्रव्य भारतीय शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये वेगळे काढले. तेव्हापासून लाखोळीचा वाद बियात हे द्रव्य किती टक्के आहे, या एकाच आकड्याभोवती फिरत राहिला. 'रतन', 'महातिवडा' हे कमी ओडॅपचे वाण निघाले तेही याच मोजमापावर.

परंतु बियात असणे आणि रक्तात उतरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. भाजीत लोह असते, पण त्यातील फार थोडे शरीराला लाभते. ते आजमावण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील नरसिंग राव आणि प्रभावती यांनी १९७८ मध्ये एक साधी रीत प्रसिद्ध केली. अन्न पेप्सिनसह जठराइतक्या आम्लात मुरवायचे, मग आम्लता उतरवून आतड्यासारखी स्थिती आणायची आणि मोकळे विरघळलेले लोह मोजायचे. पुढे मानवी मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून मिळालेल्या 'काको-२' पेशींचा पडदा वाढवून त्यातून काय पार होते, हेही पाहता येऊ लागले. बंगळुरूच्या सेंट जॉन्स संस्थेतील संशोधकांनी तर मुगाच्या रोपांना जड पाणी घालून त्या मुगाच्या प्रथिनांवर खूण उमटवली आणि तो खाणाऱ्या माणसांच्या रक्तात त्या खुणेचा माग काढला.

लाखोळीच्या बाबतीत अशा परीक्षेची निकड अधिक आहे, कारण येथे प्राण्यांची साक्ष अपुरी ठरते. कोवळ्या पिलांना ओडॅपने झटके येतात, प्रौढ उंदीर बहुधा सहीसलामत राहतो आणि माणसाला पांगळेपण येते. शिवाय प्राण्यांच्या मूत्रात हे द्रव्य बरेचसे जसेच्या तसे उतरते, माणसाच्या मूत्रात अत्यल्प. म्हणजे मानवी शरीर त्याचे काहीतरी निराळे करते. उंदराच्या भरवशावर भंडाऱ्याच्या ताटाचा निवाडा करणे म्हणूनच धाडसाचे आहे, मग तो निवाडा बंदीचा असो वा मोकळिकीचा.

प्रयोगासाठी कोणाला विष चारता येत नाही, ही अडचण खरी. पण जी कुटुंबे आपखुशीने ही डाळ खातातच, त्यांच्या संमतीने हंगामभर मूत्राचे आणि रक्ताचे नमुने घेता येतील. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून शिजवली की नाही, सोबत भात किती होता, याची नोंद ठेवता येईल. आणि ज्या वर्षी धान बुडेल, त्या वर्षीचे नमुने वेगळे ठेवावे लागतील. कारण पाय लुळे पडले ते अशाच वर्षांत.